कप्तानाचा तराजू

शिडाच्या जहाजांच्या काळी किनारा सुटला की कप्तानाचा शब्द हाच कायदा. ब्रिटिश आरमारात तो खलाशांना चाबकाचे फटके देववीत असे. खाण्यापिण्याचा वाटाही त्याच्याच हाती.

विल्यम ब्लाय हा ‘बाउंटी’ जहाजाचा कप्तान. एप्रिल १७८९ मध्ये पॅसिफिक महासागरात त्याने आपल्या अधिकाऱ्यांवर नारळ चोरल्याचा आळ घेतला, चारचौघांत अपमान केला. दुसऱ्या दिवशी पहाटे बंड झाले. बंडखोरांनी त्याला १८ माणसांसह उघड्या होडीत सोडून दिले.

होडीत अन्न मोजकेच होते. ब्लायने करवंट्यांचा तराजू केला, वजनाला पिस्तुलाची गोळी घेतली. स्वतःसकट सगळ्यांना सारखे मोजून दिले. दीड महिन्याने होडी तिमोर बेटाला लागली. वाटेत एका बेटावरच्या हल्ल्यात एक जण मारला गेला. भुकेने मात्र कोणीच दगावले नाही.

मायदेशी परतल्यावर जहाज गमावल्याचा जाब ब्लायलाही लष्करी न्यायालयात द्यावा लागला. तिथे तो निर्दोष सुटला.

माणूस तोच, अधिकारही तोच. आळ घेतला तेव्हा जहाज गेले; सगळ्यांदेखत मोजले तेव्हा माणसे जगली. आपल्या गटाची वहीसुद्धा सगळ्यांसमोर उघडते ना?