भूक मंदावते तेव्हा

वर्षाचं झालं आणि जेवणच सोडलं, अशी तक्रार घरोघरी असते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मवेळच्या सुमारे तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम २ ते २.५ किलोंची भर पडते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. नेमकं तेव्हाच मोबाइल दाखवून घास भरवणं सुरू होतं आणि पोट भरल्याची जाणीव मुलाच्या लक्षातच येत नाही.

साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत मूल उंचीच्या मानाने सडपातळ होत जातं, मग पुन्हा भरतं. हे भरणं फार लवकर सुरू झालं तर पुढे स्थूलतेचा धोका वाढतो. म्हणून 'गुटगुटीत म्हणजे निरोगी' या समजाची मला काळजी वाटते.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं, तेव्हा प्रश्न कुपोषणाचा होता. त्यांनी घडवलेल्या गावोगावच्या आरोग्यसेविका, कित्येक तर निरक्षर, लहानग्यांची वजनं करत. अंगणवाडीतला वजनकाटा आजही तितकाच मोलाचा आहे, मात्र वजन उंचीशी ताडून पाहावं. शिवाय जागतिक आरोग्य संघटना सांगते, एक ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी.