फवारणी पंपाच्या बॅटरीतील रसायनशास्त्र

परभणी जिल्ह्यातील कापूस आणि सोयाबीनच्या शेतांत खरिपात वापरल्या जाणाऱ्या पाठीवरच्या अनेक फवारणी पंपांत १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. या बॅटरीत वीज भरून ठेवलेली असते असा समज असला, तरी प्रत्यक्षात तिच्यात रासायनिक ऊर्जा साठलेली असते आणि पंप सुरू केल्यावरच तिचे विजेत रूपांतर होते.

हे रूपांतर कसे होते, ते एका साध्या उदाहरणातून समजते. जस्ताची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात बुडवली, तर जस्ताचे इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनांकडे, म्हणजे विद्युतभारित कणांकडे, थेट जातात आणि मुक्त झालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जॉन डॅनियल यांनी १८३६ मध्ये तयार केलेल्या घटात मात्र इलेक्ट्रॉन गमावण्याची क्रिया, म्हणजे ऑक्सिडीकरण, आणि ते स्वीकारण्याची क्रिया, म्हणजे क्षपण, या दोन्ही वेगवेगळ्या पट्ट्यांवर घडत असल्याने इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेतूनच जावे लागते आणि सुमारे १.१ व्होल्टचा दाब मिळतो.

हेच तत्त्व गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेल्या शिसे-आम्ल घटात आहे. त्यातील ऋण पट्टीवरचे शिसे इलेक्ट्रॉन गमावते, धन पट्टीवरचे लेड डायऑक्साइड ते स्वीकारते, आणि दोन्हीकडे लेड सल्फेट तयार होत असताना सल्फ्युरिक आम्ल खर्ची पडून पाणी निर्माण होते. एका घटातून सुमारे २ व्होल्ट मिळत असल्यामुळे १२ व्होल्टसाठी सहा घट एकामागे एक जोडलेले असतात. चार्जरचा प्रवाह उलट दिशेने सोडला की हीच अभिक्रिया उलटते आणि पट्ट्या पूर्ववत होतात.

ही उलट क्रिया वेळेवर झाली नाही, तर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे व कठीण होत जातात, अभिक्रियेसाठी उपलब्ध असलेला पट्ट्यांचा पृष्ठभाग घटतो आणि बॅटरी लवकर उतरू लागते. वापर नसतानाही बॅटरी हळूहळू उतरत असते आणि उष्णतेने ती क्रिया वेगावते. त्यामुळे हंगाम संपल्यावर उतरलेल्या अवस्थेत ठेवलेल्या बॅटरीचे, पारा चाळिशीपार नेणाऱ्या परभणीच्या उन्हाळ्यात अधिकच नुकसान होते.

म्हणून शेवटच्या फवारणीनंतर बॅटरी पूर्ण चार्ज करून सावलीत ठेवावी आणि अधूनमधून पुन्हा चार्ज करावी. निकामी बॅटरीतील शिसे विषारी आणि आम्ल दाहक असल्याने ती फोडू नये किंवा बांधावर टाकू नये, तर २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार पुनर्वापरासाठी संकलन केंद्राकडेच सोपवावी.