श्वासातला सूर : जेम्स कॉटन

खिशात मावणारा माउथ ऑर्गन आपल्यातील अनेकांनी वाजवून पाहिला असेल. पुष्कळांना ते खेळणे वाटते. अमेरिकेतील जेम्स कॉटन (१९३५–२०१७) यांनी मात्र या छोट्या वाद्यावर साठ वर्षांहून अधिक काळ ‘ब्लूज’ वाजवला. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या गाण्यांतून घडलेले संगीत.

कॉटन यांचा जन्म मिसिसिपी राज्यातील ट्युनिका येथे, कापसाच्या शेतांच्या मुलखात झाला. रेडिओवरील ‘किंग बिस्किट टाइम’ या कार्यक्रमात त्यांनी सनी बॉय विल्यमसन यांचे वादन ऐकले आणि पुढे त्यांच्याकडेच ते शिकले. मेम्फिसच्या ‘सन’ कंपनीने १९५४ मध्ये त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यानंतर सुमारे बारा वर्षे ते शिकागोचे विख्यात गायक मडी वॉटर्स यांच्या साथीला होते. १९६६ मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला.

आता या वाद्याची गंमत पाहू. आपल्या पेटीप्रमाणेच यातही हवेने थरथरणारे धातूचे रीड असतात. दहा छिद्रे आणि वीस रीड; फुंकर घातली की एक सूर, श्वास आत ओढला की दुसरा. ब्लूज वाजवणारे बहुधा वाद्याच्या मूळ सुराच्या पंचमाला ‘सा’ मानतात. त्यामुळे महत्त्वाचे सूर श्वास आत ओढताना मिळतात. अशा वेळी जीभ आणि जबडा हलवून तोंडातील पोकळीचा आकार बदलला, की सूर हळूच खाली उतरतो. पेटीवर मींड काढता येत नाही. पण तिच्याच जातीच्या या वाद्यावर जवळपास तशी सुरावट निघते. ब्लूजमधील आर्तता येते ती या उतरत्या सुरांतून.

कॉटन उत्तम गातही असत. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांना घशाचा कर्करोग झाला. उपचारांनी प्राण वाचले, पण गाण्याचा आवाज हळूहळू गेला. पुढे गायनासाठी त्यांनी इतर गायक घेतले आणि स्वतः वाजवत राहिले. १९९६ च्या ‘डीप इन द ब्लूज’ या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांची ‘कॉटन माउथ मॅन’ प्रसिद्ध झाली.

कंठ गेला, तरी श्वास होता आणि त्या श्वासावर हुकमत होती. ती मात्र लहानपणापासूनच्या रियाझाने आलेली होती. वाद्य लहान की मोठे, स्वस्त की महाग, हा प्रश्न तिथे उरत नाही.