जुनी वैद्यकीय जर्नल्स द्यायची? आधी विचारा!

मावळातल्या भाजे लेण्यांत महारथी कोसिकीपुत्र विण्हुदत्ताने पाण्याचे टाके दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंची गरज नेमकी तीच.

जुन्या वैद्यकीय जर्नलांच्या दानात हा नेमकेपणा बऱ्याचदा हरवतो. परदेशातल्या गरीब दवाखान्यांकडे गठ्ठेच्या गठ्ठे जातात; टपालखर्च भारी, आणि उपचारांची माहिती शिळी! जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये गरीब देशांसाठी ‘हिनारी’ सुरू केली: जर्नल्स ऑनलाइन, मोफत किंवा अल्प दरात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे, १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ तर इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येते.

तरी जिथे नेट धड चालत नाही, तिथे छापील अंक कामाचेच. फक्त ते अलीकडचे, सलग आणि मागितलेले हवेत.