पाऊल हातांपर्यंत का पोहोचत नाही?

सूर्यनमस्कार घालताना पाय मागे नेणे सर्वांना जमते. पण पर्वतासनातून तोच पाय दोन्ही तळहातांच्या मध्ये आणायचा म्हटले की बऱ्याच मुलांचे पाऊल वीतभर मागेच राहते. मग कोणी हाताने पोटरी धरून पाय ओढतो, तर कोणी हातच मागे सरकवतो. "अंग ताठ आहे, सराव कर," असे म्हणून आपण पुढच्या रांगेकडे वळतो. ताठपणा हे एक कारण आहेच. पण पुष्कळदा अडचण भाराची आणि जागेची असते.

प्रथम भाराचा विचार करू. एक वजनकाटा जमिनीवर ठेवा. त्यावर एका विद्यार्थ्याला तळहात टेकवायला सांगा आणि पायांखाली तेवढ्याच उंचीची फळी द्या. शरीर फळीसारखे सरळ असताना हातांवर एकूण वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग येतो. ४५ किलोच्या मुलाच्या बाबतीत हातांवर ३० आणि पायांवर १५ किलो. आता त्याला कंबर वर उचलून मागे नेऊ द्या. काट्यावरचा आकडा उतरू लागेल, म्हणजेच भार पावलांकडे सरकेल. या स्थितीतून पाय उचलणे हे भरलेल्या टेबलाचा पाय काढून घेण्यासारखे आहे.

उजवे पाऊल उचलताच शरीर दोन हात आणि डावे पाऊल अशा त्रिकोणावर उभे राहते. गुरुत्वमध्यातून काढलेला लंब या त्रिकोणाच्या आत पडला पाहिजे. त्रिकोण हातांपाशी रुंद, पावलापाशी निमुळता. भार मागे असेल तर लंब निमुळत्या टोकाजवळ पडतो, मूल उजवीकडे कलते आणि तोल सावरण्यासाठी पाय घाईने कुठेतरी टेकते. म्हणून आधी टाचा उचलाव्यात, खांदे मनगटांच्या वर आणावेत आणि मगच पाय सोडावा. (क्रम उलटा झाला की 'धप्' असा आवाज येतोच!)

टाचा उचलण्याला आणखी एक अर्थ आहे. तळव्यात टाचेपासून बोटांपर्यंत जाड तंतुमय पट्टा असतो. चवड्यावर उभे राहिल्यावर बोटे मागे वळतात आणि रहाटाला दोर गुंडाळावा तसा हा पट्टा ताणला जाऊन पावलाची कमान उचलली जाते. ही रचना हिक्स यांनी १९५४ मध्ये वर्णन केली. कमान उंचावली की पाऊल ताठ होते आणि जमीन मागे रेटून शरीर पुढे ढकलता येते. पाऊल पालथे पडले असेल तर हा रेटा मिळत नाही.

आता जागा. पुढे येणारा पाय धडाखालून जायचा असतो. गुडघा छातीकडे दुमडला तरी नडगी आणि पाऊल मावायला हवे. पाऊल लोंबते राहिले तर पायाची लांबी वाढल्यासारखेच होते आणि अंगठा जमिनीला घासतो. चवडा नडगीकडे ओढून घ्यावा. हातांनी जमीन दाबून पाठ थोडी गोल करावी. त्यामुळे मिळणारी चार बोटांची जागा बहुधा पुरते.

वयात येताना आधी हातपाय झपाट्याने वाढतात, धड मागाहून वाढते. म्हणून गेल्या वर्षी सहज पाऊल आणणारी सातवीतली मुलगी यंदा अडखळू शकते. तिला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार आणले. तेव्हापासून मराठी शाळांत ते सांघिक तालावर घातले जातात. ताल सर्वांना एक, हाडांची लांबी मात्र प्रत्येकाची वेगळी.

अशा मुलांच्या तळहातांखाली न डगमगणारे, विटेएवढ्या जाडीचे लाकडी ठोकळे देऊन पाहा. धड तेवढे उंचावते आणि पाऊल एकाच पावलात पुढे येते. काही आठवड्यांनी ठोकळे पातळ करत न्यावेत. दर नमस्काराला पायही बदलावा. नाहीतर उजवा तरबेज होतो आणि डावा तसाच राहतो.