गाडी सुरू होत नाही तेव्हा

चावी फिरवूनही मोटारगाडी सुरू झाली नाही, तर दोष बहुधा बॅटरीत, तिच्या जोडणीत किंवा स्टार्टरमध्ये असतो. माण तालुक्यातील म्हसवडसारख्या कोरड्या, उष्ण गावात उन्हाळा बॅटरीचे आयुष्य घटवतो. उष्णतेने आतले पाणी उडते आणि शिशाच्या प्लेटा लवकर झिजतात.

दोष आवाजावरून ओळखता येतो. नुसती ‘टिकटिक’ होऊन दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली असते. दिवे प्रखर राहून एकच ‘खट्’ वाजले, तर स्टार्टर तपासावा. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन जोडणी घट्ट करावी. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आकडा १३.५च्या वर गेला नाही, तर अल्टरनेटर पाहावा.

दुसऱ्या गाडीवरून चालू करताना लाल केबल आधी उतरलेल्या, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक शेवटी बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला जोडावे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ठिणगी तिच्यापासून दूरच पडली पाहिजे.