बॅटऱ्या मेलेल्या गोल्फ कार्टला पेट्रोल इंजिन बसतं का? बागायतदारांनी आधी हे गणित पाहा

वरूड : संत्र्याची तोड सुरू झाली की बागेच्या आतून रस्त्यापर्यंत क्रेट काढणं हेच मोठं काम होऊन बसतं. ट्रॅक्टर ओळीत नीट वळत नाही, फांद्या मोडतो. अशा वेळी रिसॉर्ट किंवा कॅम्पसमधून भंगारात निघालेली गोल्फ कार्ट, म्हणजे आपली ‘बॅटरीवरची गाडी’, मोहात पाडते. रुंदी जेमतेम चार फूट, त्यामुळे १८-२० फुटांच्या ओळीत ती आरामात फिरते. पण स्वस्तात मिळणाऱ्या गाडीच्या बॅटऱ्या बहुधा मेलेल्या असतात. मग पहिला विचार येतो तो हाच : पॉवर विडरचं ७ एचपी इंजिन यात टाकलं तर?

बसतं का? हो, पण...

ताकद कमी पडत नाही. ४८ व्होल्टच्या कार्टमध्ये ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतात. त्यांचं एकूण वजन १७० किलोच्या आसपास, म्हणजे संत्र्याचे आठ भरलेले क्रेट. त्या काढून त्या जागी १६-१७ किलोचं इंजिन आलं की गाडी एकदम हलकी होते.

वेगाचं गणितही जमतं. इलेक्ट्रिक कार्टच्या मागच्या धुऱ्यातला डिफरन्शियल साधारण साडेबारास एक या प्रमाणाचा असतो. इंजिन ३६०० आरपीएमवर फिरलं तर चाक मिनिटाला २८८ फेरे घेतं. १८ इंची टायर धरला तर ताशी २५ किमी. बागेत यापेक्षा जास्त वेग हवाय कुणाला?

खरी गोची सुरुवातीला आहे. विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावते, तिला क्लच लागत नाही. इंजिन मात्र थांबलेल्या चाकाला थेट जोडलं तर बंद पडतं. त्यामुळे मध्ये सेंट्रिफ्यूगल क्लच हवा, किंवा त्याहून बरा स्कूटीसारखा बेल्टवरचा व्हेरिएटर. भरलेली गाडी चिखलातून काढायची असेल तर नुसत्या क्लचवर भागत नाही, तो घासून जळतो.

रिव्हर्सचं काय?

अनेक जुगाड इथेच अडकतात. मोटरला उलटा करंट दिला की ती उलटी फिरते. म्हणून इलेक्ट्रिक कार्टमध्ये रिव्हर्स गिअर नसतोच, फक्त एक स्विच असतो. इंजिन एकाच दिशेनं फिरतं. म्हणजे फॉरवर्ड-रिव्हर्स गिअरबॉक्स वेगळा बसवावा लागतो, त्यासाठी चॅसी कापावी लागते आणि बेल्ट-साखळीची रेषा जुळवावी लागते. इंजिनिअर म्हणून मला विचाराल तर यापेक्षा जुन्या ऑटोरिक्षाचा मागचा अख्खा सेट बसवणं सोपं. इंजिन, क्लच, रिव्हर्ससह गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सगळं एकत्र मिळतं. फक्त तेव्हा त्यात गोल्फ कार्टचं उरतं काय, तर छप्पर आणि सीट!

ब्रेककडेही लक्ष हवं. बऱ्याच कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि काही मॉडेल्समध्ये उतारावर मोटरच गाडी रोखून धरते. सेंट्रिफ्यूगल क्लच मात्र इंजिन आयडलला आलं की सुटतो, मग गाडी मोकळी धावते. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या उताराच्या बागांमध्ये क्रेट भरलेले असताना हे जिवावर बेतू शकतं. शिवाय इंजिन नेमकं सीटखाली येतं. सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी यांच्यात पत्र्याची आड हवीच. उन्हाळ्यात खाली वाळलेलं गवत असतं. हेडलाइटसाठी १२ व्होल्टची छोटी बॅटरी लागते ती वेगळीच.

खर्चाचं गणित

४८ व्होल्ट, १५० एएचच्या सेटमध्ये ७.२ युनिट वीज मावते. बॅटरी टिकावी म्हणून त्यातली निम्मीच वापरली, तर चार्जिंगमधली गळती धरून ५ युनिट लागतात. दहा रुपये युनिटनं ५० रुपये. तेवढंच काम छोट्या इंजिनाकडून घ्यायचं तर साधारण दीड लिटर पेट्रोल लागतं, कारण इंधनातल्या ऊर्जेचा पाचवा हिस्साच धुऱ्यापर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होते. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, म्हणजे खर्च तिप्पट. पण शेतीची वीज आठवड्याआड रात्रीच येते आणि गोठा गावापासून लांब असतो, हे ज्याला रोज सोसावं लागतं त्याला पेट्रोलचा डबा सोयीचा वाटला तर चूक म्हणता येणार नाही.

आरटीओ काय म्हणतं?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायची असेल तर एआयएस-१२३ हे मानक आहे, मंजूर किटही आहेत. आपला प्रवास नेमका उलटा आहे. बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनाला कायदा ‘मोटार वाहन’ मानत नाही, त्यामुळे नोंदणी नसलेली कार्ट कुंपणाच्या आत फिरवणं वेगळं. पण एक बाग रस्त्याच्या या बाजूला आणि दुसरी त्या बाजूला असेल, तर मधला डांबरी रस्ता सार्वजनिकच. तिथे कुणाला धक्का लागला तर विम्याशिवाय भरपाई मालकाच्या खिशातून जाते.

इंजिन घेण्याआधी मल्टिमीटर घ्या

सहाही बॅटऱ्या मेल्या असतील असं नाही. पूर्ण चार्ज होऊन काही तास विसावलेली ८ व्होल्टची चांगली बॅटरी साडेआठच्या जवळ व्होल्टेज दाखवते. एक सेल गेला असेल तर ते थेट सहा-साडेसहावर येतं आणि त्या एकीमुळे अख्खी गाडी बसते. सेट फार उतरला तर अनेक चार्जर सुरूच होत नाहीत, मग ‘चार्जिंग घेत नाही’ म्हणून गाडी भंगारात जाते. अशा वेळी प्रत्येक बॅटरी साध्या चार्जरवर सुटी चार्ज करून पुन्हा मोजा. डिस्टिल्ड वॉटरही तपासा. प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच पाणी घाला, बाकीचं चार्जिंगनंतर.